नाळरक्त साठवण्याचं पॅकेज: काम चोख, जाहिरात फुगवलेली

ठाणे-नवी मुंबईतल्या अनेक प्रसूतिगृहांत पाचव्या महिन्याची सोनोग्राफी आटोपली की एक 'काउन्सेलर' फाईल घेऊन शेजारी येऊन बसते. बाळाच्या नाळेतलं रक्त साठवा, त्यातल्या स्टेम सेल म्हणजे आयुष्यभराचा विमा, असा तिचा आग्रह असतो. पॅकेज ५० हजारांच्या आसपास सुरू होऊन लाखाच्या घरात जातं. हे परीक्षण कोणा एका कंपनीचं नाही. अशा खासगी पॅकेजमध्ये पैसे मोजून हातात काय पडतं, एवढंच इथे पाहिलं आहे.

शरीराची डागडुजी स्टेम सेल म्हणजे मूळपेशींच्या जोरावर चालते, हे खरंच आहे. तांबडी पेशी साधारण १२० दिवस टिकते, प्लेटलेट ७ ते १० दिवस. आतड्याचं अस्तर ३ ते ५ दिवसांत नवं होतं, त्वचेच्या वरच्या थराला महिनाभर लागतो. पण प्रत्येक ठिकाणच्या मूळपेशीचं खातं वेगळं. नाळेच्या रक्तात असतात त्या मुख्यतः रक्त बनवणाऱ्या. शिरेतून दिल्या की त्या हाडांच्या मज्जेत जाऊन स्थिरावतात आणि तिथे नवं रक्त तयार करू लागतात. स्वमग्नता, मधुमेह, सेरेब्रल पाल्सी यांवर त्यांचा उपचार सिद्ध झालेला नाही, माहितीपत्रकात काहीही छापलेलं असो.

त्याच माहितीपत्रकात ८० आजारांची यादी असते. बहुतेक आजार रक्ताचे, आणि खरी गोम तिथेच आहे. थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार झालेल्या बाळाच्या नाळरक्तातही तोच सदोष जनुक असतो, त्यामुळे त्याला स्वतःची पिशवी निरुपयोगी. लहानपणीच्या रक्ताच्या कर्करोगातही बिघडलेली पेशी जन्माआधीपासून रक्तात असू शकते, म्हणून डॉक्टर दुसऱ्याच्या पेशी पसंत करतात. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या अंदाजानुसार स्वतःचं नाळरक्त स्वतःला लागण्याची शक्यता २,५०० त १ ते २ लाखांत १ एवढीच आहे. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदही अशा खासगी साठवणुकीची शिफारस करत नाही.

सेवा म्हणून मात्र काम बहुतेक वेळा नीट होतं. किटमध्ये रक्त गोठू न देणारं द्रावण भरलेली पिशवी, आईच्या रक्तासाठी नळ्या, निर्जंतुक करायचं द्रावण आणि लेबलं असतात. किट घरात साध्या तापमानाला ठेवायचं, फ्रीजमध्ये नाही. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर अजिबात नाही. नाळ कापल्यावर तिच्या शिरेत सुई घालून पिशवी खाली धरतात, ५ ते १० मिनिटांत रक्त उतरतं. उतरताना पिशवी हलकेच हलवत राहावी लागते, नाहीतर गुठळ्या होतात. सुई घालण्याआधी नाळ पुसण्यात घाई झाली तर जंतुसंसर्ग होतो, आणि पिशवी बाद.

नाळ कापायची घाई मात्र करू देऊ नका. जागतिक आरोग्य संघटना किमान १ मिनिट थांबायला सांगते, कारण तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि पुढे लोह कमी पडत नाही. त्यामुळे पिशवीत रक्त कमी येतं, येऊ द्या. पिशवी भरावी म्हणून नाळ लगेच कापू पाहणाऱ्याला लेबर रूममध्ये स्पष्ट नाही म्हणायचं.

पुढचा प्रश्न वाहतुकीचा. नाळरक्त साठवणाऱ्या काही मोठ्या बँकांच्या प्रयोगशाळा चेन्नई, कोलकाता, गुरुग्रामकडे आहेत. रक्तावर ४८ तासांच्या आत प्रक्रिया झालेली बरी, आणि रविवारी मध्यरात्री झालेल्या बाळंतपणात याची कसोटी लागते. पिकअप किती वाजता येणार आणि पिशवी कोणत्या विमानाने जाणार, हे आधीच लिहून मागा. प्रयोगशाळेत तांबड्या पेशी आणि प्लाझ्मा वेगळा करतात, गोठताना पेशी फुटू नयेत म्हणून डीएमएसओ हे रसायन घालतात, मिनिटाला साधारण १ अंश या वेगाने गोठवतात आणि द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना ठेवतात. ही साखळी तुटूही शकते: २०२३ मध्ये सिंगापूरच्या एका खासगी बँकेत टाक्यांचं तापमान वर गेल्याचं उघड झालं.

प्रमाणपत्राची चकचकीत फ्रेम येते, तिचं काही नाही. अहवालात चार गोष्टी बघा: केंद्रक असलेल्या एकूण पेशी, सीडी३४ पेशींची (म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळपेशींची) संख्या, जिवंत पेशींचं प्रमाण आणि जंतुचाचणी. प्रत्यारोपणाला वजनाच्या किलोमागे किमान २.५ कोटी पेशी लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १५० कोटी. बऱ्याच पिशव्यांत एवढ्या नसतात. त्या लहान मुलापुरत्याच पुरतात.

तरी काही कुटुंबांनी ही सेवा जरूर घ्यावी. घरात आधीच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचा गंभीर प्रकार, असेल तर येणाऱ्या बाळाचं रक्त त्याच्या उपयोगी पडू शकतं. सख्ख्या भावंडांत एचएलए, म्हणजे प्रत्यारोपणासाठी जुळावी लागणारी पेशींवरची ओळखखूण, पूर्ण जुळण्याची शक्यता ४ त १. बाळाला स्वतःला आजार नसणं हीही अट धरली तर १६ त ३. उल्हासनगर पट्ट्यातल्या सिंधी कुटुंबांत या आजाराचे वाहक जास्त आढळतात, त्यांनी तर बाळंतपणाआधीच प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांशी बोलावं. जगातलं पहिलं नाळरक्त प्रत्यारोपण, १९८८ चं पॅरिसमधलं, बहिणीच्याच रक्ताने झालं होतं.

पॅकेजमध्ये 'कॉर्ड टिश्यू' म्हणजे नाळेच्या तुकड्याची किंवा दुधाच्या दातांची साठवण जोडली असेल तर ती रक्कम वजा करायला सांगा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत परवानगी फक्त नाळरक्ताला आहे. बँकेचा फॉर्म २८-एफ मधला, म्हणजे नाळरक्त बँक चालवण्याचा, परवाना चालू आहे का पाहा. करारात तीन कलमं शोधा: पेशी कमी भरल्या तर पैसे परत मिळतात का, वार्षिक शुल्क थकलं तर पिशवीचं काय होतं, आणि बँक विकली किंवा बंद झाली तर ताबा कोणाकडे जातो. काउन्सेलर टाळाटाळ करू लागली तर ॲडव्हान्स देऊ नका.