उदास मनासाठी: आहारबदल की पूरक गोळ्या?

या द्विधेत असलेल्यांनी आधी पुरावा पाहावा. ऑस्ट्रेलियातील 67 नैराश्यग्रस्तांच्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, 12 आठवडे भाज्या, कडधान्ये, मासे आणि ऑलिव्ह तेलावर भर देणाऱ्यांपैकी सुमारे 32 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले. ज्यांना केवळ गप्पांची सोबत मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण 8 टक्के होते. चाचणी लहान होती, हे खरे. युरोपातील 1025 जणांच्या 2019 मधील चाचणीत मात्र ओमेगा-3, फॉलिक आम्ल, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्यांनी नैराश्य टळले नाही. आहार-समुपदेशनाचाही ठोस उपयोग दिसला नाही.

गोळीला श्रम नाहीत. खिन्न माणसाला भाजी चिरणेही जड जाते, म्हणून घरच्यांनी हातभार लावावा.

तपासणीत बी-12 ची कमतरता आढळल्यास गोळी किंवा इंजेक्शन आवश्यकच. एरवी ज्याला स्वयंपाक झेपतो, त्याने आहारापासून सुरुवात करावी, मात्र चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत.