जुनी जिप्सी थरथरते: चाक, शाफ्ट की ब्रेक? आणि दुरुस्ती करायची की नवा पार्ट घ्यायचा?

जुनी जिप्सी 60च्या पुढे थरथरायला लागली की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं: ‘क्रॉस गेलाय.’ क्रॉस म्हणजे अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या शाफ्टच्या टोकाचा सांधा. पुष्कळदा ते खरंही असतं. पण क्रॉस बदलूनही थरथर तशीच राहिली, की मग बॅलन्सिंग, मग टायर, मग डिस्क अशी पैशांची गळती सुरू होते. म्हणून पाना हातात घेण्याआधी थरथर कुठून येतेय ते ठरवायचं.

त्याआधी रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल धुऊन काढा. पावसाळी ट्रेलनंतरची निम्मी ‘व्हायब्रेशन’ तिथेच संपते.

चाक की शाफ्ट

205/70 आर15 टायरचा घेर साधारण 2.1 मीटर. 60च्या वेगाला चाक सेकंदाला जेमतेम 8 फेरे घेतं. अ‍ॅक्सलचा रेशो 4च्या आसपास धरला तर त्याच वेळी प्रोपेलर शाफ्ट 32 फेरे घेतो, आणि खराब क्रॉस प्रत्येक फेऱ्यात दोनदा धक्का देतो. हा फरक अंगाला कळतो. स्टिअरिंग डोलल्यासारखं हलतंय, धक्के जवळजवळ मोजता येतात, तर ते चाक, टायर किंवा हब बेअरिंग. सीटखालून, फ्लोअरमधून गुणगुण येते आणि आरसा धूसर दिसतो, तर शाफ्ट. ठरावीक वेगाला खड्डा लागल्यावर स्टिअरिंग वेड्यासारखं झटकायला लागलं आणि गाडी जवळजवळ उभी राहीपर्यंत ते झटकणं थांबलं नाही, तर बॅलन्सिंगच्या दुकानात जाण्यात अर्थ नाही. किंगपिन बेअरिंग, टाय रॉड एंड आणि पाट्यांचे बुश बघा.

वेग तसाच ठेवून क्लच दाबा, गिअर न्यूट्रल करा. थरथर गेली तर इंजिन, क्लच किंवा माउंटिंग. राहिली तर चाक किंवा शाफ्ट. फक्त रेस दिल्यावर येते तर क्रॉस किंवा शाफ्टचा कोन, फक्त रेस सोडल्यावर येते तर पिनियन बेअरिंगवर (शाफ्ट अ‍ॅक्सलला जोडतो तिथलं) संशय घ्या.

जिप्सीचा एक फायदा इथे उपयोगी पडतो. ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळा आहे, मध्ये एक आखूड शाफ्ट. म्हणजे गाडीखाली शाफ्ट दोन नाहीत, तीन. सपाट जागी चाकांना चारी बाजूंनी ओट (दगड किंवा ठोकळे) लावा, ट्रान्सफरचा दांडा न्यूट्रलला घ्या, गिअरबॉक्स चौथ्यात टाका, क्लच सोडा आणि हळूहळू रेस द्या. गाडी जागची हलत नाही, फिरतो फक्त तो आखूड शाफ्ट. थरथर इथेच आली तर मागच्या शाफ्टला हात लावायची गरज नाही. आखूड शाफ्टचे क्रॉस आणि ट्रान्सफर केसचे रबर माउंट तपासा. चाचणी चालू असताना गाडीखाली कोणी जायचं नाही, हे सांगायला नको.

पुढच्या शाफ्टसाठी फ्री-व्हील हब (पुढची चाकं अ‍ॅक्सलपासून सोडवता येणारे) कामाला येतात. टू-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) हब फ्री असताना थरथर नाही आणि लॉक केल्यावर आली, तर पुढचा शाफ्ट. हब साधे असतील तर दोन्ही टोकांचे 4-4 बोल्ट काढून शाफ्ट उतरवा आणि टू-हायमध्ये फेरी मारून बघा.

क्रॉस, बॅलन्सिंग की नवा शाफ्ट

क्रॉस तपासताना जॉइंटच्या दोन्ही बाजू दोन हातांनी धरून उलट दिशांना पिळतात. कपाजवळ प्ले (ढिलेपणा) दिसला किंवा तांबूस धूळ दिसली तर क्रॉस बाद. मात्र पिनियनला हाताने जाणवणारा थोडा फिरता प्ले हा डिफरन्शियलचा असतो, त्याला क्रॉसचा समजू नका. उलटही होतं: प्ले अजिबात नाही आणि तरी क्रॉस खराब. शाफ्ट उतरवून जॉइंट सावकाश वाकवा. मध्यावर येताना खाचेत बसल्यासारखा अडकला तर आतल्या सुयांनी (बेअरिंगच्या बारीक रोलरनी) घर पाडलंय. ‘प्ले नाही, चांगला आहे’ म्हणून सोडलेले क्रॉस बहुतेक या जातीचे असतात.

फक्त क्रॉस बदलणं सर्वांत स्वस्त, आणि नळी सरळ असेल, स्प्लाइन (शाफ्टचा दातेरी सरकता जोड) घट्ट असेल तर तेवढंच पुरेसं. पण काम हातोड्याने केलं तर शाफ्टचे कान वाकतात. व्हाइस आणि सॉकेटने दाबून बसवायला लावा. कप शेवटचे दोन मिलिमीटर जात नाही, सर्क्लिपची (कप अडकवणाऱ्या कडीची) खाच दिसत नाही, तर एखादी सुई आडवी पडून तळाशी गेलीय. ठोकू नका, कप काढा. शाफ्ट स्प्लाइनमध्ये सोडवण्याआधी दोन्ही तुकड्यांवर सरळ रेषेत खूण करा. एक दात जरी चुकला तरी दोन्ही टोकांची योक (क्रॉस धरणारे कान) एका पातळीत राहत नाहीत, आणि नव्या क्रॉससकट जुनी थरथर परत मिळते.

बॅलन्सिंग तेव्हाच, जेव्हा क्रॉस चांगले असून थरथर रेसवर नाही तर फक्त वेगावर अवलंबून आहे, किंवा नळीवरची वजनाची पट्टी उडालेली दिसते. दगडावर आपटून नळीला पोचा पडला, किंवा सरकता योक हातात धरून वरखाली हलतो, तर नवाच शाफ्ट. तिथे बॅलन्सिंगचे पैसे फुकट. लांब शॅकल (पाटा टांगणाऱ्या पट्ट्या) लावून गाडी उचललेली असेल तर यातलं काहीही पुरणार नाही. दोन्ही टोकांचे कोन जवळपास सारखे हवेत, एका अंशाच्या आत. त्यासाठी पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये उताराची पाचर बसवतात.

ब्रेक

थरथर फक्त ब्रेक मारल्यावर येत असेल तर शाफ्ट विसरा. स्टिअरिंग थरथरतं तर पुढची डिस्क, सीट आणि पॅडल थरथरतं तर बहुधा मागचा ड्रम. हॅन्डब्रेक मागच्या ड्रमवर काम करत असेल तर मोकळ्या मैदानात 30च्या वेगाला बटण दाबून धरून तो हलके ओढा. थरथर आली तर ड्रम आउट, म्हणजे वाकडा आहे. ज्या जुन्या जीपचा हॅन्डब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर असतो, त्यांत हा प्रयोग करू नका. सगळा झटका क्रॉस आणि डिफरन्शियलवर जातो.

डिस्कचं फेसिंग (घासून सपाट करणं) की नवी डिस्क, याआधी हब बेअरिंगचा प्ले काढा आणि डिस्क-हबमधला गंज घासा, कारण ढिल्या बेअरिंगवर चांगली डिस्कही आउट दाखवते. मग डायल गेज लावा, म्हणजे डिस्क किती डोलते ते कळतं. 0.15 मिमीच्या पुढे गेली तर फेसिंग, पण फेसिंगनंतर डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा नीट जास्त उरणार असेल तरच. मर्यादेला टेकलेली डिस्क कसारा घाटात तापली की पुन्हा वाकडी होते, म्हणून तिथे नवीच घ्या, आणि दोन्ही बाजूंची घ्या. ड्रमचं उलट: टर्निंगनंतर व्यास कमाल मर्यादेच्या आत हवा.

गाडी एका बाजूला खेचते किंवा एक चाक तापतं, तर ते चाक जॅकवर घ्या आणि ब्लीड निप्पल (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) थोडा सोडा. चाक लगेच मोकळं झालं तर दाब अडकलेला आहे, बहुतेक होज (ब्रेकची रबरी नळी) आतून फुगलाय. होज बदला, कॅलिपर नाही. निप्पल सोडूनही चाक जाम, तर कॅलिपरचा पिस्टन किंवा सरकत्या पिना. पिस्टनला गंजाचे खड्डे नसतील तर रबर किट चालतं, असतील तर किट महिनाभरात गळतं. व्हील सिलिंडरला मात्र किट टाकूच नये. नाला ओलांडणाऱ्या गाडीत आतली भिंत खरडलेली असतेच, आणि पूर्ण सिलिंडर फार महाग पडत नाही.

पॅडल पहिल्या दाबाला खाली आणि दुसऱ्याला वर, तर ड्रमची सेटिंग. स्पंजसारखं, तर हवा. दाबून धरल्यावर सावकाश खाली सरकतं आणि बाहेर कुठे गळती नाही, तर मास्टर सिलिंडर. मागचे लाइनर तेलकट असतील तर वास घ्या: गिअर ऑइल असेल तर अ‍ॅक्सल सील गेलंय, आणि सीलआधी अ‍ॅक्सलचा ब्रीदर (हवा जायची वाट) चिखलाने बुजलाय का ते पाहा. ब्रीदर बंद असताना टाकलेलं नवं सीलही गळतं. तेल प्यायलेले लाइनर धुऊन परत वापरू नका. जुन्या लाइनरची धूळ हवेने उडवू नका, ओल्या कापडाने पुसा, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

पैसे एकाच कामापुरते असतील तर ब्रेक आधी. थरथर सहन करत गाडी सावकाश घरी आणता येते. नवं ब्रेक ऑइल डॉट 4 घ्या आणि दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी ओढून घेतं: नव्या डॉट 4चा उकळबिंदू किमान 230 अंश, पाणी शिरल्यावर मर्यादा 155. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडे मागच्या डावीकडून, सुरुवात करा. शाफ्ट उतरवला असेल तर पहिल्या 100 किलोमीटरनंतर फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळून बघा.