आडोशातून उठवणारे गेम: जुने कव्हर शूटर आज कुठले खेळावेत

कंबरेएवढी भिंत दिसली की समजायचं, आता पाच मिनिटं इथेच मुक्काम. २००६ नंतर पाच-सहा वर्षं थर्ड पर्सन शूटरचा, म्हणजे हीरो पाठीमागून दिसतो अशा गोळीबाराच्या गेमचा, साचाच पडून गेला होता. धावत जा, भिंतीला पाठ टेकव, समोरच्याने डोकं वर काढलं की गोळी घाल, स्क्रीन लाल झाली की खाली बस, तब्येत आपोआप भरते. आज हे कव्हर शूटर, म्हणजे आडोशाआडून गोळीबाराचे गेम, परत लावले तर बरेचसे अर्ध्या तासात कंटाळा आणतात. ग्राफिक्स जुने झाले म्हणून नाही, तर खेळणाऱ्याला जागचं हलायची गरजच पडत नाही म्हणून.

त्यामुळे इथे कसोटी एकच आहे: गेम तुम्हाला आडोशातून उठवतो का? आणि त्याआधीचा व्यवहाराचा प्रश्न, तो आजच्या विंडोजवर चालतो का? नागपूरच्या बर्डीत तासाच्या हिशेबाने कॅफेत बसून फ्रीडम फायटर्स खेळणारे पोट्टे आता नोकरीला लागलेत. घरी एखादा ऑफिसचा लॅपटॉप किंवा रायझन ५ ५६००जी प्रोसेसरवर जमवलेला, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला पीसी असतो. गिअर्स ऑफ वॉरचं २०२५ सालचं रूप सोडलं तर खालचे सगळे गेम तेवढ्यावर चालतात. फक्त रॅमच्या दोन पट्ट्या लावा, ८ आणि ८ जीबीच्या. १६ ची एकच पट्टी लावली की प्रोसेसरमधलं ग्राफिक्स उपाशी राहतं आणि दोष गेमला जातो.

व्हँक्विशपासून सुरुवात करा. प्लॅटिनमगेम्सचा हा गेम २०१० मध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला, पीसीवर २०१७ मध्ये. दिग्दर्शक शिंजी मिकामी. दिसायला चारचौघांसारखाच कव्हर शूटर, भिंती आहेत, भिंतीला चिकटणंही आहे. पण हीरोच्या चिलखताला बूस्टर आहेत. बटण दाबलं की तो गुडघ्यांवर बसून रस्त्यावरून ठिणग्या उडवत घसरत जातो. घसरताना नेम धरला की वेळ मंदावते. बूस्ट आणि मंद वेळ दोन्ही एकाच ऊर्जेवर चालतात. ती संपली की चिलखत तापतं आणि काही सेकंद तुम्ही साधे पायी सैनिक होता. सगळा खेळ या काही सेकंदांभोवती फिरतो. आडोसा हा राहायचा पत्ता नाही, गाडी थंड करायचा थांबा आहे.

पहिल्यांदा खेळणारे हमखास इथेच मार खातात. ऊर्जा शून्यापर्यंत जाऊ देतात, मग मोकळ्या मैदानात तापून उभे राहतात. पट्टी थोडी शिल्लक असतानाच बोट उचलायचं आणि त्या उरलेल्यावर पुढचा आडोसा गाठायचा. दुसरी चूक हाणामारीची. जवळ जाऊन ठोसा मारला की रोबोचा भुगा होतो खरा, पण त्या एका ठोशात सगळी ऊर्जा जाते. आजूबाजूला दुसरं कोणी नसेल तरच मारा. तिसरी गोष्ट गेम नीट सांगत नाही: हातातल्या बंदुकीच्या गोळ्या पूर्ण भरलेल्या असताना तीच बंदूक परत उचलली तर ती सुधारते. म्हणजे समोर तीच बंदूक पडलेली दिसली की चार गोळ्या उडवून मग उचलण्यात नुकसान आहे.

आणखी एक गंमत. आडोशात बसून हीरो सिगारेट ओढतो आणि ती फेकली की रोबो उष्णतेच्या मागे तिकडे वळतात. उपयोग क्वचितच होतो, पण असली कल्पना सुचणाऱ्याला मानलं पाहिजे. कथा मात्र टाकाऊ आहे आणि गेम पाच-सहा तासांत संपतो. पूर्ण किमतीला तक्रार करावी इतका छोटा, सेलमध्ये घेतला तर अगदी बरोबर. पीसीची आवृत्ती आली तेव्हा फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) वाढला की शत्रूच्या गोळीचं नुकसानही वाढायचं. ६० च्या पुढे खेळणारे का मरून राहिले हे त्यांनाच कळेना. आजही ६० वर बांधून खेळा.

फ्रेम रेट बांधणं बाकीच्या जुन्या गेमनाही लागू आहे, आणि नागपुरात त्याला दुसरंही कारण आहे. मर्यादा नसेल तर कितीतरी जुने गेम नुसत्या मेनूतही शेकडो फ्रेम काढत बसतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना त्या फुकटच्या कष्टाची उष्णता खोलीतच राहते. गेमातला व्ही-सिंक (फ्रेम स्क्रीनच्या गतीशी जुळवणारी सेटिंग) बंद ठेवा, कारण जुन्या गेमात त्याने माउस जड होतो. मर्यादा ड्रायव्हरच्या सेटिंगमधून किंवा रिव्हाट्यूनर या प्रोग्रामने लावा. पीसीचं कॅबिनेट खोलीतल्या कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. पाण्याचे तुषार आणि धूळ एकत्र आले की पंख्याच्या पात्यांवर चिखलासारखा थर धरतो, तो नुसत्या ब्लोअरने निघत नाही. कूलर आणि पीसी एका एक्स्टेन्शन बोर्डावर नकोतच. मोटर चालू होताना व्होल्टेज जरासं खचलं तरी पीसी रीस्टार्ट होतो आणि सेव्ह गेलेला असतो.

बायनरी डोमेन फारसा कोणी खेळला नाही, हे त्याचं दुर्दैव. सेगाचा, २०१२ चा. काळ २०८०, गाव टोकियो, शत्रू रोबो. रोबो आहेत म्हणूनच हा गेम टिकला. माणसावर गोळ्या झाडल्या की तो पडतो, संपलं. इथे प्रत्येक गोळीने पत्रा उडतो, आतला सांगाडा उघडा पडतो. पाय तोडला तर रोबो सरपटत येतो, हात तोडला तर बंदूक गळून पडते. डोकं उडवलं तर तो आंधळा होऊन आपल्याच माणसांवर, म्हणजे आपल्याच रोबोंवर, गोळीबार करतो. त्यामुळे आडोशात बसूनही डोकं चालवावं लागतं. पाच जण चालून आले तर मागच्याचं डोकं आणि पुढच्याचे पाय, हा क्रम बहुतेक वेळा कामी येतो. पाय तुटलेला सोडून देऊ नका, तो जमिनीवरून येऊन पायाला धरतो.

सोबत्यांचा विश्वास कमावण्याचीही एक पद्धत आहे. संभाषणात बरं उत्तर दिलं की वाढतो, गोळीबारात ते तुमच्या नेमासमोर आले आणि लागली गोळी की घटतो. आणि ते समोर येतातच. माइकवरून आवाजी हुकूम द्यायची सोय आहे, ती बंद करून टाका आणि हुकूम बटणाने द्या. पीसीवर मोठी गोची अशी की रिझोल्यूशन आणि कंट्रोलरच्या सेटिंग गेमात नाहीत, वेगळ्या कॉन्फिगरेशन प्रोग्रामात आहेत. तो आधी न उघडता थेट गेम लावला की लोक पॅड चालत नाही म्हणून परत करायला निघतात. माउसची पकड ढिली आहे, हा पॅडवरच खेळावा.

पॅडचा विषय निघालाच आहे तर: हजार-दीड हजारात मिळणारा वायरचा पॅड पुरतो, अट एकच, तो एक्सइनपुटवर, म्हणजे विंडोजच्या एक्सबॉक्स पॅडच्या पद्धतीवर, चालला पाहिजे. स्वस्त पॅडना बहुधा दोन अवतार असतात आणि मधलं बटण काही सेकंद दाबून धरलं की बदलतात. कॅमेरा आपोआप गोल फिरत असेल किंवा ट्रिगर दाबल्यावर भलतंच होत असेल, तर पॅड बिघडलेला नाही, दुसऱ्या अवतारात आहे.

आता गिअर्स ऑफ वॉर. आडोसा घेऊन न पाहता गोळीबार करायची रीत त्याच्याआधी, २००३ मध्ये नामकोच्या किल स्विचमध्ये आली होती, पण घराघरात पोचवली ती नोव्हेंबर २००६ च्या गिअर्सने. आज खेळताना दोन गोष्टी अजून ताज्या वाटतात. पहिली रीलोड. रीलोडचं बटण दाबलं की वरच्या कोपऱ्यात एक पट्टी येते आणि तिच्यावरून एक रेघ सरकत जाते. रेघ छोट्या पांढऱ्या भागावर असताना बटण परत दाबलं तर रीलोड झटकन होतं आणि त्या गोळ्या काही काळ जास्त जोरात लागतात. शेजारच्या करड्या भागात दाबलं तर नुसता वेळ वाचतो. चुकलं की बंदूक अडकते आणि तुम्ही शिव्या घालत बसता. आडोशातला सगळ्यात रिकामा क्षण त्यांनी जुगाराचा केला. दुसरी गोष्ट, जमिनीत पडणारी भगदाडं. शत्रू तिथून निघत राहतात, बरेचदा बाजूने किंवा मागून, आणि ग्रेनेड नेमका आत पडला तरच भगदाड बुजतं. बसून राहिलात तर शॉटगनवाला मागे उभा.

जुनं झालंय ते एकच बटण. धावणं, लोळणं, चिकटणं, भिंत ओलांडणं सगळं त्यावर. लोळायला जावं तर हीरो खांबाला मिठी मारतो. धावता धावता खांबाच्या अलीकडेच बटण सोडायची सवय लावा. चिकटलात तर स्टिक सरळ मागे ओढा, तो सुटतो.

२००७ ची पीसी डिस्क कोणी जुन्या बाजारात स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका. ती मायक्रोसॉफ्टच्या गेम्स फॉर विंडोज लाइव्ह या ऑनलाइन सेवेवर टांगलेली होती आणि तो कारभार कधीच गुंडाळला गेला. याच आवृत्तीचं डिजिटल प्रमाणपत्र २८ जानेवारी २००९ ला संपलं आणि विकत घेतलेला गेम उघडेना. पॅच येईपर्यंत लोक पीसीचं घड्याळ मागे करून खेळत होते. आता गिअर्स ऑफ वॉर: रीलोडेड हे ऑगस्ट २०२५ चं रूप घ्यावं, त्याला मात्र वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल. पीसीवर वाढवलेले पाचव्या अंकातले भाग त्यात आहेत. दुसरा आणि तिसरा भाग पीसीवर आलेच नाहीत. ते हवे असतील तर एक्सबॉक्सच, आणि डिस्क घेणार असाल तर सिरीज एस नको, तिला डिस्क टाकायला जागाच नाही.

मॅक्स पेन ३ (२०१२) सगळ्यात देखणा, आणि गोळी लागण्याचं वजन अजून कोणाला इतकं जमलेलं नाही. तब्येत आपोआप भरत नाही, वेदनाशामक गोळ्यांच्या बाटल्या शोधाव्या लागतात, म्हणून आडोसा फार काळ परवडत नाही. मरता मरता ज्याने मारलं त्याला टिपलं तर एक बाटली खर्चून जीव वाचतो, पण बाटली शिल्लक हवी आणि बंदुकीत गोळी हवी. मॅगझिन कधी रिकामं ठेवू नका. हवेत झेप घेतल्यावर मॅक्स जमिनीवर आडवा पडतो आणि उठायला वेळ घेतो, म्हणून झेप शत्रूकडे नाही, पुढच्या आडोशाकडे घ्यायची. कठड्याला धडकला तर झेप तिथेच मोडते. दोन्ही हातांत पिस्तुलं घेतली की हातातली मोठी बंदूक तो तिथेच टाकून देतो, हे विसरून पुढच्या खोलीत गेलात की पंचाईत. कथेच्या बऱ्याच चित्रफिती लगेच पुढे ढकलता येत नाहीत, त्यांच्या आड लोडिंग चालतं. दुसऱ्या खेपेला हे छळतं. हार्ड डिस्कवर ३५ जीबी जागा आणि गेम काढणाऱ्या रॉकस्टार कंपनीचं खातं दोन्ही लागतं.

स्पेक ऑप्स: द लाइन, तोही २०१२ चाच. वाळूत गाडलेली दुबई. नेमबाजी साधारण, कथेसाठी खेळायचा गेम. काच फोडून वाळूचा लोंढा शत्रूवर सोडता येतो, तेही ठरलेल्या जागीच. पण जानेवारी २०२४ पासून तो डिजिटल दुकानांतून काढला आहे, परवान्याची मुदत संपली म्हणून. ज्यांनी आधी घेतला त्यांना डाउनलोड होतो. बाकीच्यांनी पीसीच्या जुन्या डिस्कच्या मागे लागू नये. त्या काळच्या बऱ्याच पीसी डिस्कमध्ये खरा माल आतल्या कागदावरचा कोड असतो, तो एकदा वापरला की डिस्क म्हणजे चहाचा कप ठेवायची चकती. कन्सोलच्या डिस्कला ही अडचण नाही.

गेम सुरूच झाला नाही तर आधी तीन गोष्टी बघा. 'डी३डीएक्स९' ने सुरू होणारी डीएलएल फाइल सापडत नाही असं आलं, तर ती फाइल सुटी कुठून तरी उतरवू नका, मायक्रोसॉफ्टचा जून २०१० चा डायरेक्टएक्स रनटाइम टाका. नवीन विंडोजमध्ये डायरेक्टएक्स १२ असलं तरी या जुन्या फाइल त्यात नसतात. दुसरं, सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये जातो आणि ते फोल्डर वनड्राइव्हने ताब्यात घेतलं असेल तर काही गेम लिहिताना अडखळतात. तिसरं आपल्याकडचं खास: विंडोजच्या खात्याचं नाव देवनागरीत ठेवलेलं असेल तर फोल्डरचा मार्गही देवनागरी होतो आणि बरेच जुने गेम तो वाचूच शकत नाहीत. नुसतं दिसणारं नाव बदलून फोल्डर बदलत नाही. इंग्रजी अक्षरांतलं दुसरं खातं काढा, गेम तिथे खेळा.

आणि फ्रीडम फायटर्स. २००३ चा, आयओ इंटरॅक्टिव्हचा, २०२० पासून स्टीम आणि जीओजी या ऑनलाइन दुकानांत परत मिळतो. यात भिंतीला चिकटणं नाहीच, तरी या यादीत तो शोभतो, कारण इथे आडोसा तुम्ही तुमच्या मागे येणाऱ्या माणसांना नेमून देता. जखमींना औषधपेटी दिली, पूल-हेलिपॅड उडवले की लोकांतलं तुमचं वजन वाढतं आणि जास्त लोक मागे येतात, शेवटी १२ पर्यंत. एका नकाशातला हेलिपॅड आधी उडवला तर शेजारच्या नकाशात हेलिकॉप्टर येत नाही. म्हणून समोरच्या झेंड्यामागे धावण्याआधी बाजूचे नकाशे उरकून घ्या. एकच सांभाळा. मॅनहोलमधला सेव्ह तात्पुरता असतो, गेम बंद झाला की तोही गेला. पक्का सेव्ह अड्ड्यावर परतल्यावरच. लाइट जायचे दिवस असतील तर पीसी आणि मॉनिटर ६००व्हीएच्या यूपीएसवर घ्या. अड्डा गाठण्यापुरती मिनिटं मिळतात.