सही कोणत्या निवेदनावर? हप्ते थांबवा की इमारत पूर्ण करा

नागपुरात बेसा रोडवरच्या आमच्या इमारतीचा सहावा स्लॅब टाकून झाला आणि काम बंद पडले. त्याला तीन पावसाळे झाले. वर निघालेल्या सळया गंजून तांबड्या झाल्या आहेत, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचते. कर्जाचे हप्ते मात्र एकही महिना चुकलेले नाहीत. आमच्यातल्या एक ताई परवा म्हणाल्या, "भाऊ, किरायाही भरतो अन् हप्ताही, पण दाराला कुलूप लावायला घरच नाही."

आता दोन निवेदने फिरत आहेत. पहिल्याची मागणी: सरकारने गृहकर्जाचे हप्ते वर्षभर थांबवावेत. दुसऱ्याची: सरकारने पैसा उभा करून अडकलेल्या इमारती पूर्ण कराव्यात. काही जण दोन्हींच्या विरोधात आहेत.

पहिली मागणी ऐकताना बरी वाटते, कारण दिलासा लगेच मिळतो. पण २०२० आठवा. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्ते न भरण्याची मुभा दिली, व्याज मात्र चालूच राहिले. हिशेब करून पाहा. २५ लाखांचे कर्ज, ८ टक्के व्याज, २० वर्षे मुदत, म्हणजे हप्ता सुमारे २०,९०० रुपये. अगदी सुरुवातीलाच सहा हप्ते थांबवले आणि पुढे तोच हप्ता ठेवला, तर २४० ऐवजी सुमारे २६६ हप्ते भरावे लागतात. सहा महिन्यांच्या सवलतीसाठी सव्वापाच लाखांहून जास्त! व्याजावरचे व्याज सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना परत केले हे खरे. पण या उदाहरणात ती रक्कम १,७०० रुपयांच्या आतच भरते. शिवाय आर.एल. (प्लॉट नियमित झाल्याचे रिलीज लेटर) नसलेल्या प्लॉटवर बँका सहसा कर्ज देत नाहीत, म्हणून तिथले लोक पतसंस्थेकडे जातात. रिझर्व्ह बँकेची सवलत त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

तरीही एका घरासाठी हीच मागणी योग्य आहे. ताबा मिळालेला आहे, लोक राहत आहेत, पण कमावत्या माणसाची नोकरी गेली. अशांना श्वास घ्यायला वेळ हवाच. हप्ता ९० दिवस थकला की खाते बुडीत धरले जाते, मग सरफेसी कायद्याची, म्हणजे घर जप्त करून कर्ज वसूल करण्याच्या कायद्याची, ६० दिवसांची नोटीस येते. म्हणून ९० दिवस उलटण्याआधी बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा, निवेदनाची वाट पाहू नका.

दुसऱ्या मागणीला आधार आहे. २०१९ मध्ये केंद्राने अडकलेल्या प्रकल्पांसाठी २५,००० कोटींचा 'स्वामिह' निधी जाहीर केला. २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी १५,००० कोटींच्या दुसऱ्या निधीची घोषणा झाली. ही खैरात नाही. प्रकल्प महारेरात (रेरा कायद्याखालच्या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे) नोंदलेला हवा, आणि न विकलेले फ्लॅट व येणे रक्कम मिळून उरलेला खर्च व देणी निघाली पाहिजेत. पैसा फक्त बांधकाम पूर्ण करण्यासाठी, आणि तोही परत करायचा. मला हीच वाट पटते, कारण इथे रुपयाची वीट होते. अडचण एकच, पण मोठी: ज्या बिल्डरने पैसा दुसरीकडे वळवला, त्याचा हिशेब या कसोटीत बसत नाही. म्हणजे सर्वांत फसलेला ग्राहकच बाहेर राहू शकतो.

सरकार नकोच म्हणणाऱ्यांचा मुद्दा मी मनापासून ऐकतो. गोपालनगरात किरायाने राहून पैसे साठवणाऱ्याने माझ्या फ्लॅटसाठी कर का भरावा? प्रश्न रास्त आहे. पण त्यांनी दाखवलेला मार्ग, रेरा कायद्याच्या कलम १८ खाली व्याजासह परतावा, किती लांब आहे हे मी पाहिले आहे. आदेश हातात पडतो, वसुली वॉरंट निघते आणि मग महसूल खात्यात चकरा सुरू होतात.

अमेरिकेने या वादाची किंमत दोनदा मोजली. १९३३ मध्ये तिथल्या सरकारी महामंडळाने बँकांकडून बुडती गृहकर्जे विकत घेऊन लांब मुदतीची करून दिली. सुमारे दहा लाख कुटुंबांना त्याचा लाभ झाला. त्यातल्या पाचातल्या एकाचे घर तरीही गेले. २००८ मध्ये ७०० अब्ज डॉलरचा कायदा झाला. आधी बँका सावरल्या. घरमालकांसाठीची योजना २००९ मध्ये आली, ३० ते ४० लाख घरांचे लक्ष्य ठेवून, आणि त्याच्या जवळपासही पोहोचली नाही. पैसा कोणाच्या हाती आधी दिला, यावर सगळे ठरले.

म्हणून मी दुसऱ्या निवेदनावर सही केली आहे, दोन ओळी वाढवून: पैसा बिल्डरच्या हाती न देता वेगळ्या खात्यातून कामाच्या टप्प्यांप्रमाणे सोडावा, आणि बिल्डरची नोंदणी संपल्यास किंवा रद्द झाल्यास रेराच्या कलम ८ प्रमाणे काम पूर्ण करण्याचा पहिला हक्क आम्हा खरेदीदारांच्या संघटनेला मिळावा. तुमची इमारत अर्धवट असेल तर हीच सही करा. रविवारी सही करायला येताना करारनामा, महारेराचा नोंदणी क्रमांक आणि बँकेचे स्टेटमेंट घेऊन या. नोंदणीची मुदत संपली आहे का, ते तिथेच मोबाइलवर तपासू.