लॉटरीतलं घर, वर्षभर राहून: घराला चार तारे, हॉलला कुलूप

स्पेसिफिकेशन लिहीत बसत नाही. ज्यांनी पंतप्रधान आवास योजनेचा फॉर्म भरलाय त्यांना ती पाठ आहेत: ३० चौरस मीटर चटई क्षेत्रफळ, केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, उरलेलं आपलं नि बँकेचं. टाइल्स बऱ्या, ओटा चांगला, खिडक्या सरकतात. मी लिहायला बसलोय ते तळमजल्यावरच्या हॉलमुळे.

संक्रांतीला आमच्या मजल्यावरच्या बायकांना हळदीकुंकू करायचं होतं. देखभालीच्या एजन्सीचा पोरगा म्हणाला, पंधराशे भरा, डिपॉझिट वेगळं. पावती? मिळणार नाही. हॉलच्या झाडलोटीचे पैसे आम्ही मेंटेनन्समध्ये आगाऊ भरलेत, आणि भाडंही आम्हीच द्यायचं! पंधराशेत आमचा महिन्याचा गॅस आणि वर थोडी भाजी येते. हळदीकुंकू जिन्यात झालं. मी खिडकीतून डोकावून पाहिलं, तर आत फ्लेक्सचे सांगाडे, एक बंद पडलेली पंपाची मोटर आणि उद्घाटनाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, अजून पिशवीतच.

एवढ्याशा हॉलचं काय घेऊन बसलाय, असं बायको रोज विचारते. सांगतो. आजोबा पानशेत धरण फुटलं त्या पुरातले पूरग्रस्त. १२ जुलै १९६१ ला पुण्यातल्या नारायण पेठेतली खोली गेली आणि गोखलेनगरात घर मिळालं. तिथे हॉलबिल काही नव्हतं, पण दारापुढे अंगण होतं. पापड वाळवायला, मुंजीचा मांडव घालायला, भांडायला तेवढं पुरे. अकरा मजली इमारतीत ते अंगण म्हणजे हा हॉल. इथे कोणी भवानी पेठेतल्या वाड्यातून आलंय, कोणी दांडेकर पुलावरून, कोणी येरवड्याहून. लिफ्टमध्ये सगळे आकड्यांकडे बघत उभे राहतात. ओळख व्हायची तर कुठे?

पहिले सहा महिने माझं मत पक्कं होतं की घर देणाऱ्यांचं काम चावी देऊन संपतं. मग दोन गोष्टी झाल्या. पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला ओल आली. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्यात, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर ३० दिवसांत फुकट दुरुस्ती करून द्यावी लागते, आणि सरकारी संस्थेने बांधलेलं असलं तरी ती कायद्याने प्रवर्तक, म्हणजे बिल्डरच. हे कलम, १४(३), अर्जात लिहिलं, आणि खरंच परांची बांधून माणसं आली! प्लास्टर खरवडून नवीन केलं, रंग मात्र थोडा वेगळा लागलाय. चालतंय.

दुसरी गोष्ट म्हणजे समूह संघटिका, रहिवाशांना एकत्र आणून त्यांची कामं मार्गी लावणारी बाई. फाइल काखेत, पायात साध्या चपला, आवाज पाचव्या मजल्यावर ऐकू येईल असा. रेशनकार्डावरचा पत्ता, मतदार यादीसाठी फॉर्म ८, मुलांचे शाळेचे दाखले, सगळ्याचं शिबिर तिने एका रविवारात उरकलं. तळमजल्यावरच्या बायकांचा बचत गट तिने उभा केला, आता शाळेच्या डब्यांच्या ऑर्डरी घेतात. अशी बाई आधी पाठवली असती तर मी तीन तारे पहिल्याच महिन्यात दिले असते. पण शिबिर कुठे भरलं? पार्किंगमध्ये, सतरंजीवर. कारण हॉलला कुलूप. अंगणवाडीचंही तेच. नियमाने ४०० ते ८०० लोकवस्तीमागे एक अंगणवाडी, आमच्या दोन इमारती मिळून आम्ही सहज बसतो. सेविका खिचडीचं पातेलं घेऊन दोन मोटरसायकलींच्या मधे पोरांना बसवायची.

कुलपाचं कारण विचाराल तर घरं देणाऱ्यांचं कार्यालय म्हणतं एजन्सीकडे दिलाय, एजन्सी म्हणते सोसायटी झाल्यावर घ्या, आणि सोसायटी 'प्रक्रियेत आहे'. खरं तर निम्म्याहून जास्त घरांचं बुकिंग झालं की तीन महिन्यांत सोसायटी करायची, असं रेराच सांगतो. लॉटरीच्या योजनेत बुकिंग बहुधा एकदमच होतं, मग प्रक्रिया कसली?

आता माझ्या कंजूषपणाचा मुद्दा, कारण खरं दुखणं तिथेच आहे. सोसायटी झाली की आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, दरवर्षी घराच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांची साठवण) आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधी काढायचा. खर्च दहा लाख धरला तर वर्षाला दहा हजार, म्हणजे महिन्याला आठशेच्या वर. त्यात लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार, पंपाची वीज, वॉचमन. वर्षाला तीन लाखांच्या आत कमावणाऱ्याला म्हणून घर दिलं आणि लिफ्टवाल्या टॉवरचा खर्च गळ्यात घातला. चार घरांनी पैसे थकवले की लिफ्ट बंद, आणि नवव्या मजल्यावरची म्हातारी घरात अडकली. घर भाड्याने देणाऱ्यांकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणूनचा आकार) घेता येतो, तोही सेवाशुल्काच्या दहाच टक्के. इमारतीकडे कमावणारी वस्तू एकच, हॉल. बाहेरच्यांच्या साखरपुड्याला, बारशाला रीतसर पावती फाडून दिला, तरी लिफ्टचा बराच खर्च निघेल. आणि तोच कुलुपात!

गेल्या महिन्यात सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र हातात आलं. दुसऱ्या दिवशी चिटणीसबाईंनी एजन्सीकडून किल्ली घेतली, पुठ्ठ्याचा टॅग लावलेली, त्यावर 'स्टोअर' लिहिलेलं. आता सकाळी अंगणवाडी, दुपारी गट, संध्याकाळी दहावीची पोरं अभ्यासाला. रहिवाशांना फुकट, बाहेरच्यांना दर सर्वसाधारण सभेत ठरेल. मी दोन हजार सुचवलेत, लोक बाराशेवर अडलेत. मोटर अजून कोपऱ्यात आहे, ती भंगारात कोणी घालायची यावर पत्रव्यवहार चालू आहे.

तर तारे: घराला चार, संघटिकेला पाच, देखभालीच्या एजन्सीला अर्धा, तोही वॉचमनकाकांमुळे. पार्किंगबद्दल लिहीत नाही, माझी सायकल आहे.