चिलटांना साखर की अल्कोहोल?

सोलापुरात सडक्या डाळिंबावर घोंघावणारी चिलटं म्हणजे ड्रॉसोफिला. खाण्याचा एन्झाइमांवर काय परिणाम होतो हे पाहायचं, तर एमएस्सीच्या प्रोजेक्टला त्यांच्या खाण्यात काय मिसळायचं?

ग्लुकोज स्वस्त, सोपं. ते वाढवलं की अमायलेज, म्हणजे स्टार्च पचवणारं एन्झाइम, बनणं मंदावतं. माश्या चिरडून तो रस स्टार्चमध्ये घाला, आयोडीनचा थेंब टाका: निळा रंग रेंगाळला, तर एन्झाइम कमी. निकाल एकाच पिढीत, पण जनुक तेच. फक्त त्याचं काम ढिलं पडतं.

अल्कोहोलची गंमत वेगळी. ते पचवणाऱ्या एडीएच (अल्कोहोल डिहायड्रोजिनेज) एन्झाइमची दोन रूपं: फास्ट आणि स्लो. फरक एवढाच, की अमिनो आम्लांच्या साखळीत १९२ व्या जागी फास्टमध्ये थ्रिओनिन, स्लोमध्ये लायसिन. फास्ट जास्त काम करतं, स्लो उष्णता जास्त सोसतं. अल्कोहोलवर पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या माश्यांत अनेक प्रयोगांत फास्टचं प्रमाण वाढलेलं दिसलंय, म्हणजे इथे जनुकांचं प्रमाणच बदलतं. अडचण अशी, की अल्कोहोल बाटलीच्या तोंडावरच्या कापसाच्या बोळ्यातून उडून जातं आणि २५ अंशांना पिढीला दहाएक दिवस लागतात. एप्रिलात इथला पारा चाळिशीपार. तिशीलाच नर वांझ होतात!

दोनच महिने असतील तर ग्लुकोज घ्या. वर्ष हाताशी असेल आणि तापमान कायम राखणारा इन्क्युबेटर धड चालत असेल, तर मी अल्कोहोलच घेईन.