पाठीसाठी विटा, पट्टा आणि मॅट: बडोद्यात आठ महिने वापरल्यानंतर

योगासनांसाठीचा संच असा: ६ मिमीची पीव्हीसी मॅट, ९×६×४ इंची फोमच्या दोन विटा, कॉर्कची एक वीट आणि ८ फुटी सुती पट्टा. वापर जून ते जानेवारी, रोज साधारण ३५ मिनिटं.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो बुडाखाली घेतलेल्या उंचीचा. मांडी घातल्यावर गुडघे कमरेच्या वर राहत असतील, तर माकडहाड आत वळतं, कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि तोल सावरायला मान पुढे येते. मग कितीही बजावलं तरी पाठ दोन मिनिटांत पुन्हा पोक काढते. बूड ३-४ इंच उचला, बसा मात्र विटेच्या पुढच्या कडेवर, म्हणजे पाठ आपोआप उभी राहते. फोमची वीट चार महिन्यांत मधोमध दबली, त्यामुळे बसायला कॉर्कच बरी. तीही नसेल तर सतरंजीची घट्ट घडी चालते. झोपाळ्यावर एक पाय दुमडून तासभर बसणाऱ्यांची कंबर एका बाजूला कलते, त्यांनी पाय आलटूनपालटून दुमडावा.

पट्टा सुप्त पादांगुष्ठासनासाठी. उताणं झोपून तळव्याला पट्टा लावायचा, गुडघा सरळ ठेवून पाय वर न्यायचा, ३०-४० सेकंद, दोन्ही बाजूंनी दोनदा. पाय ९० अंशांत यायलाच हवा हा हट्ट नको. मांडीमागचे स्नायू आखडलेले असले की कुल्ला जमिनीवरून सुटतो आणि ताण कमरेवर येतो. कुल्ला सुटला की पाय थोडा खाली घ्यावा. पोटरीत वा पावलात मुंग्या आल्या तर लगेच गुडघा वाकवावा. पट्ट्याची कडी धातूचीच घ्या, प्लॅस्टिकची ताण पडल्यावर सरकते.

दुसरी वीट पाठीखाली, आडवी आणि सपाट, खांद्याच्या पात्यांच्या खालच्या टोकाशी. डोक्याखाली घडी, वेळ दीड मिनिट. पुढे झुकलेली छाती यानेच खुलते. वीट कमरेकडे घसरली तर तिथेच चिमटा बसतो. इथे मात्र फोम बरा, कॉर्क टोचतो.

साधनांच्या नादात ताकद मागे पडते, ही मोठी चूक. बडोद्यात हे वेगळं सांगायला नको: १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था काढणारे स्वामी कुवलयानंद त्याआधी इथेच, जुम्मादादांच्या आखाड्यात व्यायामगुरू प्रो. माणिकरावांकडे शिकले होते. शलभासन (पालथं झोपून पाय मागे उचलणं) १० सेकंदांचं, पाच वेळा, रोज. भुजंगासनात (पालथं झोपून छाती उचलताना) हातांनी रेटू नये, कोपरं वाकलेली ठेवून छाती पाठीच्या जोरावर उचलावी.

कमाटीबागेत पहाटे पोचून आधी अंगठे धरणाऱ्यांसाठी: रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, तेव्हा वाकल्यावर त्यांच्यावर जास्त ताण येतो. उठल्यावर पहिला तासभर मार्जारासन (हात-गुडघ्यांवर राहून पाठ हलकेच वर-खाली करणं) आणि चालणं पुरे. हाडं ठिसूळ झालेल्यांनी पाठ गोल करून पुढे वाकणं टाळावंच. पाय बधिर होत असेल किंवा लघवीवरचा ताबा गेला असेल तर आसनं नकोत, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मॅट सगळ्यात कमी कामाची निघाली. श्रावणात घामाने हात घसरत, वर सुती पंचा अंथरावा लागे. शिवाय उभ्या आसनांत ६ मिमी जाडीमुळे टाच रुतते, ४ मिमी पुरली असती.